मिश्रधातूंचं तिरकस वागणं कसं मोजायचं: नव्याने प्रकल्प घेणाऱ्यांसाठी

तांब्याची रोधकता (तारेची लांबी-जाडी बाजूला ठेवून, धातू स्वतः विजेला किती अडवतो त्याचं माप) २० अंश सेल्सिअसला साधारण १.७ मायक्रोओहम-सेंटिमीटर. निकेलची ७. दोन्ही ५५ आणि ४५ टक्के घेऊन वितळवले तर आकडा कुठेतरी मध्ये यावा असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात येतो ४९. या मिश्रधातूचं नाव कॉन्स्टंटन. दोन चांगल्या वाहकांतून त्यांच्यापैकी कुणाहीपेक्षा कितीतरी वाईट वाहक तयार होतो, आणि वर तो तापवला तरी त्याचा रोध जवळपास हलत नाही.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी किंवा एमएस्सीला असा विषय घेणारे बरेच जण पहिल्याच आठवड्यात अडकतात. वाचायला मिळतं ते एकदम जड सिद्धांतापासून सुरू होतं आणि तार मल्टिमीटरला नेमकी कशी लावायची हे कुणी सांगत नाही. मी या वाटेने गेलो आहे, म्हणून हे टप्पे मांडून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो: या विषयात मोजणीतली चूक हुबेहूब 'विचित्र गुणधर्मा'सारखी दिसते. त्यामुळे पहिला संशय स्वतःच्या जोडणीवर घ्यायचा, धातूवर नंतर.

१. तुमच्याकडे कुठलं तापमान आहे ते बघा, मग प्रश्न ठरवा

या क्षेत्रातले गाजलेले परिणाम बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर आहेत. तापमान उतरवलं की धातूचा रोध कमी कमी होत जावा, पण १९३४ साली नेदरलँड्समधल्या लायडनला सोन्याच्या नमुन्यांत एका टप्प्यानंतर तो पुन्हा वाढताना दिसला. सोन्यात लोहासारख्या चुंबकीय अणूंची अगदी नगण्य भेसळ असली की असं होतं, याचं स्पष्टीकरण जून कोंडो यांनी १९६४ साली दिलं. सुंदर विषय आहे, पण त्याला द्रवरूप हेलियम लागतं. निओबियम-टायटॅनियमची अतिवाहकता, म्हणजे रोध पूर्ण शून्य होणं, १० केल्विनच्या खाली. तांबं तीन भाग आणि सोनं एक भाग अशी मिश्रधातू ३९० अंशांच्या जरा खाली बराच काळ ठेवली की अणू आपापल्या जागी रांगेत बसतात आणि रोधकता निम्म्याहून खाली येते. त्यासाठी भट्टी, निर्वात नळी आणि सोन्याचे पैसे, तिन्ही हवेत.

खोलीच्या तापमानापासून १०० अंशांपर्यंत जे करता येतं ते असं: तांबं, कॉन्स्टंटन, मँगनिन (तांबं-मँगनीज-निकेल) आणि नायक्रोम (निकेल-क्रोमियम) यांची तुलना, नायटिनॉलचा (निकेल-टायटॅनियम) तापताना आणि निवताना वेगळा चालणारा रोध, आणि रंगाचा, म्हणजे परावर्तनाचा अभ्यास. विभागात द्रवरूप नायट्रोजन मिळत असेल तर उत्तम. ७७ केल्विनला शुद्ध तांब्याचा रोध सात-आठ पटींनी उतरतो, कॉन्स्टंटनचा जेमतेम हलतो. आलेख शेजारी शेजारी ठेवला की परीक्षकाला वेगळं काही समजवावं लागत नाही. नायट्रोजन मात्र बंद खोलीत आणि एकट्याने हाताळायचा नाही.

२. सामान आणि कागद

- २८ गेजच्या (०.३७६ मिमी) तारा: तांबं, कॉन्स्टंटन, मँगनिन, नायक्रोम, प्रत्येकी दोन-तीन मीटर
- नायटिनॉलची तार
- स्थिर धारा देणारा पॉवर सप्लाय, १०० मिलिअँपिअर पुरे
- दोन मल्टिमीटर. त्यातला एक मायक्रोव्होल्टपर्यंत वाचणारा असला तर फार बरं
- मायक्रोमीटर स्क्रूगेज, पट्टी, थर्मामीटर किंवा थर्मोकपल (दोन धातूंच्या सांध्याचा तापमापक)
- मोठी परीक्षानळी, तेल, बीकर, हीटर
- पॉलिश पेपर ४०० ते १२०० नंबर, स्पिरिट, कापूस
- स्क्रूचे टर्मिनल ब्लॉक आणि छोटे क्रिंप
- एक पक्की बांधलेली वही

कागदांत: प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी, मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र (बाहेरच्या यंत्रावर नमुना न्यायचा झाला तर हे लागतंच), तारेचं बिल आणि विक्रेता देत असेल तर मिश्रधातूच्या प्रमाणाचा दाखला. बिल जपून ठेवा. तोंडी परीक्षेत 'तार कुठून आणली?' हा प्रश्न हमखास येतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं. कॉन्स्टंटनला दुकानदार आणि प्रयोगशाळेतले जुने मदतनीस 'युरेका वायर' म्हणतात, तसंच मागा. मँगनिनसाठी विज्ञान-उपकरणं पुरवणाऱ्यांकडेच जावं लागतं.

३. तार सांगितली तीच आहे का?

हीटरच्या दुकानात मिळणारी प्रत्येक करडी तार नायक्रोम नसते. लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनिअमची तारही 'नायक्रोम' म्हणूनच विकली जाते. चुंबक जवळ न्या. ८०-२० नायक्रोम चिकटत नाही, लोखंडवाली चिकटते. आकड्यांतही फरक आहे: नायक्रोमची रोधकता १०८ मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या आसपास, दुसरीची १३५ ते १४५. दुसरी तार घेऊन पहिलीच्या तक्त्याशी तुलना केली की 'रोधकता अनपेक्षितपणे वाढली' असा निष्कर्ष निघतो आणि पुढचा सगळा खटाटोप वाया जातो.

जाडी स्क्रूगेजने चार-पाच जागी, प्रत्येक जागी तार फिरवून दोनदा मोजा. रोधकता म्हणजे रोध गुणिले तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले लांबी, आणि क्षेत्रफळात त्रिज्येचा वर्ग येतो. जाडीत १० टक्के चूक झाली तर रोधकतेत २१ टक्के जाते. मोटार रिवाइंडिंगची तांब्याची तार असेल तर तिच्यावर लाखेसारखा थर असतो. तो न काढता जाडी मोजणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. टोकाला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. तपकिरी झाक जाऊन गुलाबी तांबं दिसलं की थांबा, आणखी घासलंत तर धातूच झिजेल.

४. चार टोकांची जोडणी

या टप्प्याला घाई करू नका.

२८ गेजच्या तांब्याचा अर्धा मीटर घ्या. त्याचा रोध येतो ०.०७६ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.१ ते ०.३ ओहम दिसतात. म्हणजे तुम्ही जे मोजायला निघालात त्याहून मीटरच्या वायरीच मोठ्या. मल्टिमीटर ओहमच्या खुणेवर ठेवून मिश्रधातूंचा अभ्यास होत नाही, ते तिथेच सोडा.

तारेच्या दोन टोकांतून धारा सोडा. आत थोडं अंतर सोडून आणखी दोन जागी विभवांतर (व्होल्टेज) मोजायच्या वायरी बांधा. व्होल्टमीटर धारा जवळपास घेतच नाही, त्यामुळे त्याच्या वायरींचा आणि सांध्यांचा रोध हिशोबातून गळून पडतो. सूत्रातली लांबी म्हणजे या आतल्या दोन सांध्यांमधलं अंतर. संपूर्ण तारेची लांबी घालू नका.

आकडे अंदाजाला: अर्ध्या मीटरला, १०० मिलिअँपिअर धारेवर, तांब्यात ७.६ मिलिव्होल्ट, कॉन्स्टंटनमध्ये २२० मिलिव्होल्ट, नायक्रोममध्ये ४९० मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवेत. साधा मीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात ०.१ पर्यंतच वाचतो, म्हणून तांब्याची तार दोन मीटर घेतलेली बरी. धारा वाढवून आकडा मोठा करायचा मोह टाळा. १ अँपिअरला त्याच नायक्रोममध्ये जवळपास ५ वॅट उष्णता होते, आणि मग तुम्ही कुठल्या तापमानाचा रोध मोजताय हे तुम्हालाच सांगता येत नाही. धारा निम्मी करून बघा. रोध तोच आला तर तार तापत नाहीये.

तांबं, कॉन्स्टंटन आणि मँगनिन डाख घेतात. नायक्रोम आणि नायटिनॉलवर साधा डाख मण्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. तिथे स्क्रू टर्मिनल किंवा क्रिंपच वापरा. घरच्या वीजपुरवठ्याला यातली कुठलीही तार थेट जोडायची नाही.

५. धारा उलटवून पुन्हा मोजा

कॉन्स्टंटनची जोडणी झाली की धारा बंद ठेवून व्होल्टमीटर सगळ्यात नाजूक पट्ट्यावर लावा आणि एका सांध्याला बोट टेकवा. आकडा सरकतो. बोट काढलं की हळूहळू परत येतो. तांबं आणि कॉन्स्टंटनचा सांधा दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट देतो, याच जोडीपासून टी प्रकारचं थर्मोकपल बनवतात. खोली २८ अंश आणि बोट ३५ धरलं तरी पावणेतीनशे-एक मायक्रोव्होल्ट झाले.

२२० मिलिव्होल्टपुढे हे किरकोळ वाटतं. पण तुम्ही शोधताय काय? ६० अंशांच्या फरकाने कॉन्स्टंटनचा रोध एक टक्क्याच्या पंचमांशाइतकाही बदलत नाही, म्हणजे फार तर ०.४ मिलिव्होल्ट. दोन सांध्यांमध्ये दहा अंशांचा फरक राहिला तर तेवढीच चूक होते.

उपाय सोपा आहे. एका दिशेने धारा सोडून वाचन घ्या, मग उलट दिशेने घ्या, दोन्हींतल्या फरकाचं अर्धं करा. सांध्यांचा विद्युतदाब धारेबरोबर दिशा बदलत नाही, त्यामुळे तो कटतो. प्रत्येक वाचनाला हे करायचं, कंटाळा आला तरी. मँगनिनमध्ये (तांबं सुमारे ८४ ते ८६ टक्के, मँगनीज १२, बाकी निकेल) हा दाब तांब्यासमोर अगदीच कमी, दर अंशाला एक-दोन मायक्रोव्होल्ट. प्रमाण रोध (तुलनेसाठी वापरायचे अचूक रोध) आणि शंट (धारा मोजण्यासाठी लावायचे छोटे रोध) मँगनिनचे करतात ते म्हणूनच. एडवर्ड वेस्टन यांनी ही मिश्रधातू १८९२ साली काढली आणि आजही तिला पर्याय शोधताना लोक दमतात.

६. तापवणं

तार गुंडाळून, वेटोळी एकमेकांना न चिकटतील अशी, तेलाच्या परीक्षानळीत बुडवा आणि नळी पाण्याच्या बीकरमध्ये उभी करा. थेट पाण्यात नको, पाण्यातून धारा गळते. विभवांतराचे दोन्ही सांधे तेलाखाली गेले पाहिजेत. दर पाच अंशांना थांबा, तापमान स्थिर होऊ द्या. घाईत थर्मामीटर एक सांगतो आणि तार दुसऱ्याच तापमानाला असते.

३० ते ९० अंशांत तांब्याचा रोध सुमारे २२ टक्क्यांनी वाढेल. नायक्रोमचा एक-दोन टक्के. कॉन्स्टंटन आणि मँगनिन जागचे हलणार नाहीत. तांब्याचे २२ टक्के आले नाहीत तर बाकीच्या तीन तारांची वाचनं लिहूनसुद्धा ठेवू नका, आधी जोडणी तपासा.

कारण थोडक्यात: शुद्ध धातूत इलेक्ट्रॉनची वाट मुख्यतः अणूंच्या थरथरण्याने अडते, ती तापमानाबरोबर वाढते. मिश्रधातूत दोन जातींचे अणू अस्ताव्यस्त बसलेले असतात. तो अडथळा तापमानावर अवलंबून नसतो आणि इतका मोठा असतो की थरथरण्याची भर त्यात बुडून जाते. मॅथिसन यांनी १८६०च्या दशकात या दोन भागांची बेरीज मांडली. नॉर्डहाइम यांनी १९३१ मध्ये दाखवलं की साध्या मिश्रधातूंत प्रमाण अर्धं-अर्धं असताना हा अडथळा सर्वाधिक असतो. कॉन्स्टंटनच्या स्थिरपणाला एवढंच पुरत नाही, निकेलच्या डी-पट्ट्यातल्या (डी-कक्षांपासून बनलेल्या ऊर्जापट्ट्यातल्या) इलेक्ट्रॉनांचाही त्यात हात आहे. तोंडी परीक्षेत एवढं बोललात तरी चालतं. मोइज यांनी १९७३ साली आणखी एक गोष्ट नोंदवली: रोधकता १५० मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या आसपास किंवा वर गेली की पुष्कळ मिश्रधातूंत तापमानाबरोबर रोध उलट कमी होऊ लागतो.

भट्टी असेल तर नायक्रोमचा एक खेळ जरूर करा. एकाच तारेचे दोन तुकडे लालबुंद तापवा. एक पाण्यात टाका, दुसरा भट्टीतच हळूहळू निवू द्या. हळू निवलेल्याचा रोध जास्त भरतो. शुद्ध धातूत अणू नीट बसायला वेळ मिळाला की रोध कमी होतो, इथे नेमकं उलटं. थोड्या थोड्या अंतरावर अणूंची जी रचना जमते ती इथे अडथळाच वाढवते. याला के-अवस्था म्हणतात.

७. नायटिनॉल: जाताना एक वाट, येताना दुसरी

निकेल आणि टायटॅनियम साधारण समसमान अणू. साठच्या दशकाच्या आसपास अमेरिकेच्या नौदलाच्या शस्त्रप्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाताखाली हिची ओळख पटली. तापमानाबरोबर तिची स्फटिकरचना बदलते आणि तो बदल रोधात दिसतो. तापवतानाचा आलेख आणि थंड करतानाचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत, मधे फट राहते. काही तारांत थंड होताना मध्येच एक उंचवटा येतो. तो तिसऱ्या, मधल्या रचनेचा.

तार विकत घेताना बदलाचं तापमान विचारा. हालचालीसाठी विकल्या जाणाऱ्या तारा ७० किंवा ९० अंशांच्या असतात. दातांच्या वैद्यकीय सामानाच्या दुकानात ब्रेसेसची नायटिनॉल तार स्वस्तात मिळते, पण तिचा बदल शरीराच्या तापमानाच्या आसपास किंवा खाली उरकलेला असतो. ती घेतलीत तर बर्फाच्या पाण्यापासून सुरुवात करा, नाहीतर सरळ रेष मिळेल आणि तार खोटी आहे असं वाटेल.

पहिली काही आवर्तनं टाकून द्या, तोवर आलेख दर वेळी थोडा सरकतो. तार ताणून बांधू नका. ताणाने बदलाचं तापमान सरकतं. आणि मेणबत्तीवर किंवा गॅसवर तापवून सरळ करायला जाऊ नका, ५०० अंशांच्या पुढे गेली की जुना आकार विसरून ती नवाच धरते.

८. रंगाची बाजू

सोनं पिवळं का? २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (प्रकाशाची ऊर्जा मोजायचं एकक) वरचा, म्हणजे निळ्याकडचा प्रकाश ते शोषतं. तांब्यात ही सीमा २.१ जवळ, म्हणून तांबूस. चांदीत ती ३.९ च्या आसपास, अतिनील भागात. दिसणारा सगळा प्रकाश परत येतो. सोन्यात चांदी वाढवत नेली तर सीमा हळूहळू सरकते आणि मधे कुठेतरी हिरवट झाक येते.

ॲल्युमिनिअमचं गणित मात्र वेगळं. सोन्याचा एक अणू आणि ॲल्युमिनिअमचे दोन असं संयुग झालं की ते जांभळं दिसतं. वजनाने त्यात सोनं ७८.५ टक्के, म्हणजे अठरा कॅरेटच्या वरच, आणि काचेसारखं ठिसूळ. घडणावळीला निरुपयोगी, खड्यासारखं बसवतात. प्लॅटिनम आणि ॲल्युमिनिअमचं तसंच संयुग पिवळं, निकेल-ॲल्युमिनिअमचं निळसर. दोन पांढऱ्या धातूंतून रंग येतो, कारण इलेक्ट्रॉनांचे पट्टे नव्याने मांडले जातात. यातलं काही स्वतः वितळवायला जाऊ नका.

सुरुवात घरातल्या वस्तूंनी करा. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं तीन भाग तांबं आणि एक भाग निकेलचं आहे, तांबूसपणाचा मागमूस नाही. (चुंबकाला चिकटलं तर ते पोलादी, बाजूला ठेवा. आणि नाणं घासू-कापू नका, कायद्याने मनाई आहे. पुसून घ्या, बस.) पितळ, काशाची वाटी, तांब्याचं भांडं शेजारी ठेवा. केरळच्या आरन्मुळा आरशाचा तुकडा कुणाकडे असेल तर पर्वणीच: तांबं आणि भरपूर कथील, आणि काच नसताना आरसा.

फोनने फोटो काढताना व्हाइट बॅलन्स लॉक करा. चकचकीत धातू स्वतःच्या रंगाआधी तुमच्या शर्टाचा रंग दाखवतो, म्हणून वरून ट्रेसिंग पेपरचा तंबू करा आणि दर फोटोत पांढरा कागद ठेवा.

महाविद्यालयातला स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुधा आरपार जाणारा प्रकाश मोजतो. धातूसाठी परावर्तनाची जोडणी लागते, ती आहे का आधी विचारा. त्यात संदर्भ म्हणून ॲल्युमिनिअमचा आरसा असेल तर सावध. ॲल्युमिनिअमचं स्वतःचं परावर्तन ८२५ नॅनोमीटरच्या आसपास खाली बसतं. त्याने भागलं की तुमच्या नमुन्याला तिथे फुकटचा उंचवटा मिळतो, आणि तो दर वेळी, अगदी नेमाने मिळतो. संदर्भाला चांदीचा आरसा घ्या किंवा ॲल्युमिनिअमची दुरुस्ती करा.

आणखी दोन सापळे. तापवलेल्या पोलादाचा निळा-पिवळा रंग आणि टायटॅनियमचे इंद्रधनुषी रंग वरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचे असतात. तिरकं धरून बघा, पॉलिश पेपर फिरवून बघा. थराचा रंग जातो, धातूचा राहतो. आणि बाजारातल्या पांढऱ्या सोन्याच्या दागिन्यावर बहुतेक वेळा ऱ्होडियमचा मुलामा असतो, मोजलंत तर ऱ्होडियमच मोजाल.

९. मिश्रण बाहेर तपासून घेताना

सराफ बाजारात यंत्रावर टंच (धातूची शुद्धता) काढून मिळतो, झटपट आणि स्वस्त. पण ते यंत्र वरचा काही मायक्रॉनचाच थर बघतं आणि ॲल्युमिनिअमसारखं हलकं मूलद्रव्य त्याला नीट दिसत नाही. नमुना त्यासाठी विद्यापीठाच्या किंवा आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या, बाहेरच्यांनाही यंत्रं वापरू देणाऱ्या केंद्राकडे पाठवा. सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कुठलं यंत्र कुठे आहे ते सापडतं. अर्जात नमुन्यातली अपेक्षित मूलद्रव्यं आणि आकार स्पष्ट लिहा, पुडीवर नाव आणि तारीख टाका. प्रकल्प जमा करायच्या महिन्यात पाठवलंत तर अहवाल वेळेत हाती पडेल या भरवशावर राहू नका.

१०. रोध शून्य आला तर

येईल कधीतरी. खूश होण्याआधी विभवांतराचे दोन्ही सांधे हलवून बघा. एक सुटला असेल तर मीटर शून्याजवळच काहीतरी दाखवतो. पावडर दाबून केलेल्या किंवा भेगा असलेल्या नमुन्यात धारा दुसरीकडूनच वाट काढते आणि तुमच्या दोन पिनांमधल्या भागातून जातच नाही. विभवांतर शून्य, रोध मात्र आहे तसाच. पिनांच्या जागा अदलाबदल करून चारही जोड्यांनी मोजा. प्रत्येक जोडीत शून्य आलं तरच पुढचं बोला.

२०१८ च्या जुलैत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोन संशोधकांनी सोन्यात चांदीचे सूक्ष्म कण असलेल्या नमुन्यांत २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ अंशांना, अतिवाहकता दिसल्याचा मसुदा प्रसिद्ध केला. एमआयटीच्या ब्रायन स्किनर यांनी दाखवलं की चुंबकीय मोजणीच्या दोन वेगळ्या आलेखांतला गोंगाट तंतोतंत सारखा दिसतो. गोंगाट म्हणजे आपोआप होणारे बारीक चढउतार. ते दोनदा सारखे येणं अपेक्षित नसतं. पुढच्या वर्षी जास्त लेखकांसह विस्तारित मसुदा आला, पण जगाने तो परिणाम स्वीकारलेला नाही. २०२३ मध्ये कोरियातून आलेला, खोलीच्या तापमानालाही अतिवाहक असल्याचा दावा झालेला एलके-९९ हा पदार्थ मिश्रधातू नव्हता, तरी धडा तोच: १०४ अंशांच्या आसपासची रोधातली घसरण त्यात राहून गेलेल्या तांब्याच्या सल्फाइडची निघाली.

म्हणून मूळ वाचनं कधीही गुळगुळीत करून ठेवू नका. मीटरवर आलेला आकडा, वेळ, धारेची दिशा आणि खोलीचं तापमान, चारही वहीत पेनाने लिहा आणि चुकलेलं वाचन खोडायचं झालं तर एका रेघेने, खालचा आकडा वाचता येईल असं खोडा.